उंटापुढचं प्यादं

कंपूतल्या शाळेचा हॉल. जानेवारी, सकाळचे दहा.
धुक्यानं किल्ला अख्खा पुसून टाकलेला.
पालकांना, प्रशिक्षकांना आत मनाई,
म्हणून मी खिडकीशी. मफलरनं काच पुसतो,
माझ्याच श्वासानं ती पुन्हा आंधळी होते.

पहिल्या पटावर ऋता मुंगी, वय बारा, मोहरी पांढरी.
समोर कटनीचा निर्वाण जैन,
एवढ्या थंडीत बाह्या कोपरापर्यंत सारलेला.

सहा महिने मी तिला एकच सुरुवात शिकवली.
वजिरापुढचं प्यादं दोन घरं. मग उंट बाहेर.
मग प्याद्यांची छोटी तटबंदी, घाई नाही.
मंगळवारी आणि शनिवारी, दौलतगंजात,
दुकानामागच्या खोलीत, शिलाई मशीनच्या फळीवर पट मांडून.
म्हणायचो, आधी घर लावावं, मग भांडायला जावं.
ती मान हलवायची.
जांभई गिळताना तिच्या नाकपुड्या फुगतात,
ते मला दिसायचं.

घड्याळ सुरू झालं.
तिनं काहीतरी लिहिलं. थांबली. परत काहीतरी लिहिलं.
हात वजिरावरून पुढे गेला,
राजावरूनही पुढे,
आणि उंटापुढचं प्यादं दोन घरं सरकलं.

मला वाटलं, काच खोटं दाखवतेय.

हीच चाल. सत्त्याऐंशी साली, भोपाळला,
सोळा वर्षांखालच्या स्पर्धेत, मी केलेली.
सहाव्या चालीला मात.
चहावाला पहिल्या रांगेतच होता, तोवर माझा डाव आटोपला.
राजाकडे जाणारी तिरकी गल्ली मीच उघडी टाकली होती,
काळा वजीर त्या गल्लीतून आला
घर माहीत असलेल्या पाहुण्यासारखा.
परतीच्या गाडीत वडील बीनापर्यंत बोलले नाहीत.
बीनाला म्हणाले, पुरी-भाजी घेऊ का?

हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
तिला तर नाहीच.

निर्वाणनं विचारसुद्धा केला नाही. एक प्यादं फेकलं,
मागोमाग दुसरं. मग उंट काढून रोखला.
तोच फास, गाठसुद्धा तीच.
आता चौथी चाल तिची.
इथेच मी वजिराकडचा घोडा काढला होता, ऐटीत.
माझं बोट काचेवर टेकलं. गार.
कुणी पाहिलं असतं तर आवारातूनच हाकललं असतं मला.
ती नाक पुसते. रुमालाची घडी करते,
ती मनासारखी होत नाही, परत करते.
राजाकडचा घोडा काढते.

बस. वजिराचं घर अडलं.
मग त्याचं प्यादं धावून आलं घोड्याच्या अंगावर,
घोडा हटत हटत पटाच्या काठाला गेला
आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला,
माझ्यासारखा.

किल्लेकोट तिनं केलाच नाही.
त्या दिवशी गावातही किल्ला कुठे दिसत होता?
राजा उघड्यावर, मधोमध, दुपारपर्यंत.
मी दोनदा चहा प्यायलो, एकदा नुसता कप धरून उभा राहिलो.
अठ्ठावन्न चाली झाल्या.
शेवटी दोघांकडे एकेक हत्ती, एकेक दमलेलं प्यादं.
बरोबरी. अर्ध्या गुणानं चषक गेला.

बाहेर येऊन तिनं विचारलं, गजक आहे का?
मी विचारलं, हे काय होतं?
"तुमच्या सुरुवातीला मला झोप येते, सर."
गजकाचा तुकडा मोडताना तिळ सांडले,
ते तिनं बोटानं टिपून खाल्ले.

मागून पंच आले, हातात तिचा कागद:
यांना शिकवा जरा. चाल करायच्या आधी लिहायची नसते.
पहिल्या ओळीत माझी चाल होती,
वजिरापुढचं प्यादं, सुवाच्य,
आणि तिच्यावरून एक आडवी रेघ.

कार्बनची प्रत मी मागून घेतली.
रेघ खालपर्यंत उमटली होती.